स्क्रॅम ४४० घ्यायची का दुसरी कोणती? आपल्या पांदणीच्या हिशोबानं गाडी कशी निवडायची

राजेहो, कापसाचा चुकारा हाती आला की गावातल्या पोरांचं पहिलं काम म्हणजे मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहणं, अन् त्यात जुन्या ढंगाच्या स्क्रॅम्बलर, म्हणजे डांबर अन् कच्चा रस्ता दोन्हीवर चालणाऱ्या गाड्यांचं भलतंच फॅड आहे. रॉयल एनफिल्डनं जुनी स्क्रॅम ४११ सुधारून स्क्रॅम ४४० केली, नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखवली, जानेवारी २०२५ मध्ये विकायला काढली, अन् तेव्हापासून जो तो एकच विचारून राहिला की ही घ्यावी, का थोडे पैसे वाढवून ट्रायम्फची स्क्रॅम्बलर ४०० एक्स घ्यावी, का येझ्दी घ्यावी, का हे सगळं सोडून गपचूप हीरोची एक्सपल्स २१० घ्यावी. रिव्ह्यू ढीगभर आहेत, पण ते लोक गाडी चालवतात लोणावळ्याच्या घाटात नाहीतर मनालीच्या रस्त्यावर, आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी-उमरखेड-पांढरकवड्याकडच्या काळ्या मातीत कोणी घालून दाखवत नाही. म्हणून हे लिहून राहिलो.

माझं म्हणणं थोडक्यात असं की ताकदीचा आकडा सगळ्यात शेवटी पाहा. पहिले पाहा तुमच्या रोजच्या रस्त्याचा सगळ्यात खराब तुकडा कोणता, मग पाहा सर्व्हिस सेंटर किती दूर, मग पाहा गाडी ३५० सीसीच्या वर आहे का खाली. या तीन गोष्टींत आपल्याकडच्या बहुतेक लोकांचं उत्तर निघून जाते.

पहिले आपला रस्ता लिहून काढा

कागद घ्या अन् खरं खरं लिहा. घरून तालुक्याला डांबर किती, गिट्टी-मुरमाचा रोड किती, अन् वावरात जायची पांदण किती. बऱ्याच लोकांचा हिशोब असा निघते की शंभर किलोमीटरमध्ये ऐंशी-पंच्याऐंशी डांबर असते, तेही खड्ड्यांचं, अन् उरलेलं मुरूम अन् माती. म्हणजे तुम्हाला डोंगर चढायची गाडी नाही पाहिजे, खड्डा गिळणारी गाडी पाहिजे. हे दोन वेगळे विषय आहेत अन् शोरूमवाला ते एकत्र करून सांगते.

आता काळ्या मातीचं. पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीच्या पांदणीत यातली एकही गाडी धड चालत नाही, कोणाचंही ऐकू नका. आपली माती पाणी पिऊन फुगते, चाकाला लपेटते, मग मडगार्डच्या आत ठासून बसते अन् पुढचं चाक फिरायचंच थांबते, इंजिन चाळीस बीएचपीचं असो का आठचं. टायरची हवा कमी करायची युक्ती रेतीत कामी येते, या चिकणमातीत नाही. वावराला वापसा आला का नाही ते आपण वखर घालायच्या आधी पाहतो ना, तसंच गाडी घालायच्या आधी पाहायचं. पेरायला वापसा नसेल तर गाडीलाही नाही. तरी जाणंच पडत असेल तर डांबराच्या कडेला कोणाच्या तरी दारात गाडी उभी करा अन् पायी जा, दोनशे किलोची गाडी चिखलातून ओढण्यापेक्षा ते सोपं आहे.

मडगार्ड आणि टायर यांच्यामधली जागा मात्र शोरूममध्ये हात घालून पाहा. रॉयल एनफिल्डच्याच हिमालयनला पुढं वर चोच आहे तशी स्क्रॅमला नाही, स्क्रॅमचं मडगार्ड टायरच्या जवळ बसते, ट्रायम्फचंही तसंच. दिसायला झकास दिसते पण आषाढात त्याचा त्रास आहे हे मनात धरून चला.

अन् रपट्यावरून पाणी वाहत असेल तर कोणतीही गाडी घालू नका, हे गाईडमध्ये लिहायची गोष्ट नाही पण दरसाल पावसाळ्यात पेपरात तेच येते म्हणून लिहिलं.

स्क्रॅम ४४० मध्ये नवीन काय

इंजिन तेच जुन्या हिमालयनच्या घराण्यातलं, एका सिलिंडरचं, हवा अन् ऑइलवर थंड होणारं. बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी ७८ मिलीमीटरची ८१ केली, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची खाली-वर चाल ८६ ची तशीच ठेवली, म्हणून ४११ चे ४४३ सीसी झाले. ताकद २४.३ वरून २५.४ बीएचपी, म्हणजे फार नाही वाढली, पण टॉर्क म्हणजे ओढायचा जोर ३२ चा ३४ एनएम झाला अन् तो ४००० आरपीएमलाच येते. ही ४००० ची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

खरा फरक गिअरचा आहे. जुनीला पाच होते, आता सहा आहेत. ४११ ज्यांनी चालवली त्यांना माहीत आहे, नव्वदच्या पुढं गेलं की गाडी वरचा गिअर मागत राहायची अन् तो नसायचाच. नागपूर-हिंगणघाट-पांढरकवडा हा ४४ नंबरचा हायवे घ्या, तिथं ट्रक-कारच्या सोबत तासभर सरळ चालायचं असते, तिथं सहावा गिअर पडला की इंजिन मोकळं होते. समृद्धीवर तर टू-व्हीलरला बंदीच आहे त्यामुळे तिथल्या स्पीडचा विचार करायचं कामच नाही. क्लचही हलका केला आहे, आठवडी बाजाराच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्यात रांगत जाताना डाव्या हाताला ते समजते.

हेडलाइट आता एलइडी आहे. आपल्याकडं ही हौस नाही, गरज आहे, कारण रात्री रोही म्हणजे नीलगाय अन् रानडुक्कर कोणत्या धुऱ्यावरून रोडवर उडी मारेल याचा नेम नाही, टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला नाहीतर मेळघाटात सेमाडोह-हरिसालच्या रोडला तर बिलकुलच नाही. तरी लाइट चांगला आहे म्हणून रात्री ऐंशीनं जाऊ नका.

मागचा एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, बंद करता येते. गिट्टीच्या उतारावर मागचं चाक थोडं घसरू दिलं तर गाडी लवकर थांबते म्हणून ही सोय आहे. डांबरावर आलं की पुन्हा चालू करायचा अन् मीटरवरचा लाइट पाहून खात्री करायची.

बाकी सीटची उंची ७९५ मिलीमीटर, जमिनीपासून २०० मिलीमीटर मोकळी, टाकी १५ लिटरची, पुढचं चाक १९ इंच मागचं १७. अन् सस्पेन्शन पुढं १९० मिलीमीटर खाली-वर होते, मागं १८०. वजन दोनशेच्या जवळ आहे, स्प्लेंडर ११२ किलोची असते, म्हणजे स्प्लेंडरवरून येणाऱ्याला पहिले आठ दिवस ही गाडी उभ्या-उभ्या वळवतानाच घाम फोडते. किक नाही. बॅटरी बसली की ढकलगाडी, अन् ढकलायला वजन वर लिहिलं तेवढं.

जोडीला कोण कोण आहे

ट्रायम्फ स्क्रॅम्बलर ४०० एक्स ही ऑक्टोबर २०२३ मध्ये २.६३ लाखाला आली, बजाज चाकणला बनवते. ३९८ सीसी, पाण्यावर थंड होणारं इंजिन, ३९.५ बीएचपी, ३७.५ एनएम. कागदावर स्क्रॅम तिच्यापुढं उभी राहत नाही. वजनही स्क्रॅमपेक्षा कमी. मागचं चाक जागेवर फिरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल आहे, पुढं उलटे फोर्क आहेत, फिनिशिंग पाहून डोळे निवतात. ओव्हरटेक करताना जे पाहिजे ते सगळं हिच्यात आहे अन् ज्याचं रोजचं काम हायवेचं आहे त्यानं ही चालवून पाहिल्याशिवाय स्क्रॅमचं बुकिंग करू नये.

पण तिचा टॉर्क येते ६५०० आरपीएमला. म्हणजे जोर पूर्ण काढायला इंजिन फिरवावं लागते. नाल्याच्या रेतीतून, नाहीतर पांदणीत बंडीच्या मागं मागं दुसऱ्या गिअरमध्ये जाताना स्क्रॅम गुरगुरत निघून जाते, ट्रायम्फला पहिल्यात टाकून क्लच सांभाळत राहावं लागते. अन् सस्पेन्शन दोन्हीकडं १५० मिलीमीटर, म्हणजे स्क्रॅमपेक्षा पुढं ४० नं कमी. खड्ड्यांच्या डांबरावर, अन् आपलं सगळं डांबर तसंच आहे, हा फरक कमरेला समजते. सीट ८३५ मिलीमीटर, दीड इंचानं उंच, पाच फूट चार-पाच इंच उंचीच्या माणसाचे पाय बरोबर टेकत नाहीत अन् उतरत्या मुरमावर एक पाय हवेत गेला की गाडी आडवीच. टाकी १३ लिटर. मे २०२५ मध्ये हिची एक्ससी नावाची बहीण आली, तारांची चाकं अन् तरी ट्यूबलेस, फार कामाची गोष्ट पण तेव्हा किंमत २.९४ लाखापासून, एवढ्यात आपल्याकडं जुना ट्रॅक्टर येते.

येझ्दी स्क्रॅम्बलर. आपल्या बापाच्या पिढीतल्या लोकांना हे नाव ऐकलं की येझ्दीच्या जुन्या रोडकिंग गाडीचा आवाज आठवते, म्हैसूरचा तो कारखाना १९९६ ला बंद पडला, अन् जानेवारी २०२२ मध्ये क्लासिक लेजंड्स कंपनीनं नाव परत आणलं. ३३४ सीसी, पाण्यावर थंड, २९ पीएसच्या आसपास (पीएस म्हणजे बीएचपीसारखंच ताकदीचं माप), २८.२ एनएम, सीट ८००, जमिनीपासून २०० मोकळी. दिसायला या सगळ्यांत मला हीच आवडते, जुळे सायलेन्सर अन् सगळं. एबीएसचे तीन मोड आहेत. कमी स्पीडला मात्र स्क्रॅमसारखी ढकलत नाही, तिलाही इंजिन फिरवून हवं असते. हिचा मोठा फायदा ३५० च्या खाली असण्याचा, तो पैशाच्या भागात सांगतो. मोठा प्रश्न सर्व्हिसचा, तुमच्या जिल्ह्यात अधिकृत सेंटर आज चालू आहे का ते स्वतः जाऊन पाहा, फोनवर विचारू नका.

एक्सपल्स २१० ही स्क्रॅम्बलर नाही, रेट्रो तर नाहीच, पण पांदणीचा विषय निघाला की हिला सोडून बोलणं म्हणजे चिटिंग आहे. २१० सीसी, २४.६ पीएस, २०.७ एनएम, पुढचं चाक २१ इंच, वजन १७० च्या आसपास, जमिनीपासून २२० मिलीमीटर. जानेवारी २०२५ मध्ये १.७६ लाखाला आली. ज्याचा खराब तुकडा खरोखर लांब आहे, म्हणजे रोज पाच-सात किलोमीटर माती अन् दगड, अन् हायवे कधीमधी, त्यानं हीच घ्यावी अन् उरलेल्या पैशात ठिबक टाकून घ्यावं. हीरोचं सर्व्हिस सेंटर तालुक्याला असते हा वेगळा फायदा. तोटा एकच की मोठ्या हायवेवर जोडीनं सामान घेऊन गेलं की दम कमी पडते.

रॉयल एनफिल्डच्याच हिमालयन ४५० अन् बेअर ६५० यांचं नाव काही जण घेतात. हिमालयन ४५० फारच चांगली गाडी आहे पण ती दुसऱ्या बजेटची अन् सीट ८२५ ची. बेअर ६५० म्हणजे दोनशे किलोच्याही वर, नोव्हेंबर २०२४ मध्ये ३.३९ लाखाला आलेली, शहरातल्या माणसानं रविवारी काढायची. सोडून द्या.

टेस्ट राइड कशी घ्यायची

शोरूमवाला तुम्हाला समोरच्या गुळगुळीत रोडवर एक चक्कर मारायला लावते अन् परत आणते. त्याला टेस्ट राइड म्हणत नाहीत. शहराच्या बाहेर कुठं मुरूम आहे, कुठं खड्डे आहेत हे आधी पाहून ठेवा अन् तिकडं न्यायची परवानगी मागा. नाही म्हणाला तर ज्याच्याकडं ती गाडी आहे असा माणूस शोधा, आपल्याकडं ओळखीनं सगळं निघते.

पहिले गाडी स्टँडवरून काढून इंजिन बंद ठेवून दहा पावलं मागं ढकला, मग थोड्या चढावर मागं ढकला. जमत नसेल तर घरच्या अंगणात रोज जमणार नाही. मग दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू, माणूस भरभर चालते त्या स्पीडनं, क्लच न दाबता चालवून पाहा. आचके देते का, बंद पडते का. स्क्रॅम अन् ट्रायम्फचा मघाशी सांगितलेला ४००० अन् ६५०० चा फरक तुम्हाला इथं समजेल, कागद वाचायची गरज पडणार नाही. मग फूटरेस्टवर उभं राहून खड्ड्यातून न्या, हँडल हाताला येते का पाहा, वाकावं लागत असेल तर वीस मिनिटांत पाठ बोंबलते.

त्यानंतर, मागं बसणारं माणूस सोबत न्या. म्हणजे बायको, आई, जे कोणी खरंच बसणार आहे ते. आपल्याकडं लुगडं नाहीतर साडी नेसून एका बाजूनं बसायची सवय आहे, या गाड्यांची मागची सीट उंच अन् सपाट, धरायला काय आहे, पाय ठेवायला काय आहे, साडी गार्ड नीट आहे का, चढता-उतरता येते का हे घरच्या बाईलाच विचारा, तिचं मत शेवटचं. सायलेन्सर उजव्या बाजूला असल्यानं डावीकडून बसणाऱ्याला चटका लागत नाही, पण उतरून गाडीला वळसा घालताना पोटरीला लागते, लहान पोरांवर तर विशेष लक्ष ठेवा.

शक्य असेल तर दुपारी दोन वाजता टेस्ट राइड घ्या, तेही एप्रिल-मेमध्ये. चंद्रपूर-वर्ध्याला पारा पंचेचाळीसच्या वर जाते तेव्हा कोणती गाडी मांडीला किती भाजते हे दिवाळीत समजत नाही. पाण्यावर थंड होणाऱ्या गाड्यांचा पंखा सुरू झाला की गरम हवा पायावर येते, एअर-ऑइलवाली सगळीकडून थोडी थोडी तापते. पाण्यावाल्या गाडीला आपल्याकडं आणखी एक काम लागते, रेडिएटरच्या जाळीत चिखल, धूळ अन् कापसाच्या दिवसात रोडवर उडणारा बोंडाचा कचरा अडकते. तो हळू पाण्यानं धुवायचा, वॉशिंग सेंटरचा प्रेशर सरळ जाळीवर मारला की पाती वाकतात.

अन् खताचं चुंगडं. युरियाची बॅग ४५ किलोची, स्प्लेंडरवर आपण टाकी अन् सीटच्या मधात आडवी टाकून आणतो. यातल्या कोणत्याच गाडीवर ते जमत नाही, टाकीचा आकार तसा नाही अन् हँडल फिरायला जागा राहत नाही. म्हणून माझा सल्ला असा की घरात जुनी स्प्लेंडर नाहीतर बजाजची सीटी असेल तर ती विकू नका, एक्सचेंजमध्ये ती मातीमोल जाते अन् मग फवारणीचा पंप न्यायला नवीन गाडी वापरावी लागते.

ट्यूब का ट्यूबलेस

हा प्रश्न स्क्रॅमलाच पडते कारण तिचे दोन प्रकार आहेत, ट्रेलला तारांची चाकं अन् ट्यूब, फोर्सला अलॉय अन् ट्यूबलेस. लाँचच्या वेळी ट्रेल २.०८ लाख होती अन् फोर्स २.१५ लाख, एक्स-शोरूम. बाहेरचे लोक सांगतात ऑफ-रोडला तारांचीच चाकं पाहिजेत. त्यांचं दगडांच्या बाबतीत बरोबर आहे, अलॉय जोरात आदळलं तर वाकते नाहीतर तडकते, तारांचं चाक मार खाऊन घेते अन् मिस्त्री आऊट म्हणजे वाकडेपणा काढून देते.

पण आपल्याकडं टायरचा दुश्मन दगड नाही, काटा आहे. बाभळीचा काटा, अन् त्याच्याहून वाईट म्हणजे तूर अन् पऱ्हाटी कापल्यावर राहणारी धसकटं, तिरपी कापलेली असतात अन् सरळ टायरच्या बाजूत घुसतात. ट्यूबच्या गाडीत काटा घुसला की हवा फसकन जाते अन् तुम्ही दोनशे किलो ढकलत राहता. ट्यूबलेसमध्ये हळूहळू जाते, तोवर तुम्ही डांबरापर्यंत येता, अन् किटमधली चिकट दोरी घालून स्वतः बंद करू शकता. म्हणून मेळघाटात-पहाडात राहणाऱ्यानं ट्रेल घ्यावी, बाकी सपाटीवरच्या काळ्या मातीवाल्यानं डोळे झाकून फोर्स घ्यावी असं माझं मत. फक्त ट्यूबलेसच्या बाजूत धसकट घुसलं तर दोरीनं भागत नाही, तेवढं मात्र आहे.

ट्रेल घेतलीच तर एक गोष्ट करा, १९ इंचाची एक अन् १७ इंचाची एक अशा दोन ट्यूब घरी आणून ठेवा. पुढचा टायर १००/९०-१९ अन् मागचा १२०/९०-१७ आहे, फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडं १७ अन् १८ ची ट्यूब मिळून जाते, १९ ची मिळत नाही.

पैशाचं गणित, अन् ३५० ची रेघ

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवर २८ टक्क्यांचा १८ झाला, अन् ३५० च्या वरच्या गाडीवर सेस धरून ३१ टक्के लागायचा तो सरळ ४० झाला. त्यामुळे स्क्रॅम ४४० लाँचच्या किमतीवरून सव्वादोन लाखाच्या आसपास गेली, अन् येझ्दी, एक्सपल्स स्वस्त झाल्या. जुने रिव्ह्यू पाहून जे लोक किमतीची तुलना करून राहिले ते या एका गोष्टीमुळे फसतात.

दुसरं, इन्शुरन्स. नवीन टू-व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदम भरावा लागते. २०२२ मध्ये सरकारनं ठरवलेल्या दरात १५० ते ३५० सीसीला तो ७,३६५ रुपये होता अन् ३५० च्या वर १५,११७, म्हणजे डबल. त्यावर टॅक्स वेगळा. हे एक्स-शोरूममध्ये दिसत नाही, ऑन-रोडच्या कागदात दिसते, म्हणून ऑन-रोडचं कोटेशन शिक्क्यानिशी लिहून घ्या अन् त्यात हँडलिंग चार्ज, अॅक्सेसरी किट, टेफ्लॉन कोटिंग असं काही घुसवलं असेल तर एकेक ओळ विचारून काढायला लावा. स्वतःच्या नुकसानीचा इन्शुरन्स बाहेरून घेता येते, शोरूमचाच घ्यावा असा नियम नाही.

सर्व्हिस. ट्रायम्फ म्हणते १६,००० किलोमीटर नाहीतर वर्ष, जे आधी होईल ते. ऐकायला गोड आहे. पण शोरूम मोठ्या शहरात, अन् यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर, उमरखेड-पुसदकडून तर दिवस जाते. सर्व्हिस वर्षातून एकदा असली तरी आरसा तुटला, लिव्हर वाकलं, क्लच केबल गेली यासाठीही तेवढंच जावं लागते. रॉयल एनफिल्डची सर्व्हिस लवकर लवकर येते पण सेंटर जिल्ह्याच्या गावी मिळून जाते अन् पार्ट बाहेरही मिळतात. अन् सोळा हजार असो का पाच, आपल्या धुळीत एअर फिल्टर त्याच्या आधीच पाहावा लागते, वणी-भद्रावतीकडं कोळशाचे ट्रक चालतात तिथं तर महिन्याकाठी उघडून पाहा, काळा पडलेला निघते.

सेकंडहँड किंवा शोरूममध्ये पडून असलेली सुरुवातीच्या महिन्यांतली स्क्रॅम ४४० घेत असाल तर एक गोष्ट विचाराच. २०२५ मध्ये कंपनीनं या गाडीची विक्री काही काळ थांबवली होती, मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनमधल्या वीज तयार करणाऱ्या भागाच्या आतला वुडरफ की नावाचा बारका पार्ट काही गाड्यांत खराब निघाला, गाडी बंद केली की परत स्टार्ट होत नव्हती. ते काम झालं आहे का हे चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरकडून पाहून घ्या, मगच पैसे द्या.

मग कोणी कोणती घ्यावी? रोज खड्ड्यांचं डांबर अन् थोडी पांदण, उंची बेताची, गाडी दहा वर्षं ठेवायची, मिस्त्री जवळचा पाहिजे, त्यानं स्क्रॅम ४४० फोर्स. नोकरी-धंद्यासाठी हायवेनं रोज ये-जा, उंची पावणेसहा फुटाच्या वर, नागपूर-अमरावती जवळ, त्यानं ट्रायम्फ. मातीच माती, बजेट कमी, त्यानं एक्सपल्स. अन् ज्याला येझ्दीच पाहिजे त्याला मी काही सांगत नाही, तो ऐकणार नाही, सेंटर जवळ असेल तर खुशाल घ्यावी.

गाडी घरी आल्यावर

डिलिव्हरी दिवसाउजेडी घ्या, दसऱ्याच्या गर्दीत संध्याकाळी सात वाजता नाही. चेसिस अन् इंजिन नंबर कागदाशी जुळवा, टायरवर बनल्याचा आठवडा अन् साल चार आकड्यांत लिहिलेलं असते ते पाहा, इंजिनखालची प्लेट लागून येते का वेगळी घ्यावी लागते ते विचारा, अन् वेगळी असेल तर तीच पहिली घ्या, क्रॅश गार्डच्याही आधी, कारण गिट्टी खालून लागते.

पहिले पाचशे किलोमीटर इंजिन फार ताणू नका अन् वरच्या गिअरमध्ये हळू चालवून ठोकूही नका, पहिल्या सर्व्हिसला ऑइल बदलून घ्या. चेन आपल्या धुळीत लवकर वाळते, पावसाळ्यात अन् कापणीच्या दिवसात दर पाच-सातशे किलोमीटरला साफ करा, चेन क्लीनर नसेल तर रॉकेल-डिझेलनं पुसा, पेट्रोल लावू नका, चेनमधले रबरी ओ-रिंग त्यानं खराब होतात. जुनं ऑइल ओतायची सवयही सोडा, त्यावर धूळ बसून घासणी तयार होते.

पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं आहे, स्क्रॅम त्यासाठीच बनली आहे म्हणून चालवायला अडचण नाही, पण गाडी महिना-दीड महिना उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत पाणी धरते. अन् किक नाही हे विसरू नका, सोंगणीच्या दिवसात कोणी गाडीकडं पाहत नाही तेव्हा आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा, नाहीतर बॅटरीचा मायनस काढून ठेवा. चिखल वाळायच्या आत धुवा, काळी माती वाळली की सिमेंट होते, विशेषतः मागच्या सस्पेन्शनच्या जोडाजवळ अन् साइड स्टँडच्या स्प्रिंगमध्ये. साइड स्टँड पूर्ण वर गेला नाही तर गिअर टाकताच गाडी बंद पडते अन् लोक स्टार्टर मोटर गेली म्हणून गाडी टेम्पोत घालून नेतात. पहिले स्टँड पाहा.